बिनदेठाचं फळ

ही गोष्ट खरी आहे असं मी म्हटलं, की आमच्या गावात लोक हसतात. चूक त्यांची नाही. घोडेगावच्या बाजारात मी एक म्हैस पाहिली, ती गिऱ्हाईक दिसलं की आपणहून दात दाखवायची, हे मीच सांगितलेलं. बेलापूरच्या एका मळ्यात मोसंबी एवढी लागली होती, की पोपटांना फांदीवर बसायला जागा मिळेना आणि ते रांगेत उभे राहिले, हेही माझंच. तेव्हा आधीच पैज लावतो. कोल्हारपासून बेलापूरपर्यंत कुणालाही ही गोष्ट सांगा, एक माणूस विश्वास ठेवायचा नाही. ठेवला तर माझ्या मिशा उतरवा. मात्र ही ऐकून हसलेला माणूसही मला अजून भेटलेला नाही.

सांगायची वेळ आली ती सुनीतीबाईंमुळं. त्या आमच्या शाळेवर नव्यानं आलेल्या मास्तरीणबाई. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. ज्येष्ठ लागला होता, दारातलं जांभूळ पिकून सडा पडत होता, आणि अंगण शाई सांडल्यासारखं झालं होतं. मी ओट्यावर बसलो होतो. शेजारी आसाराम, माझा लंगोटीयार, मूठमूठ जांभळं तोंडात टाकत होता. त्याची जीभ, ओठ, मिशीचं टोक, सगळं जांभळं. मी जांभळाला हात लावत नाही. घसा धरतो. उंबऱ्यात माझी बायको गोजर सुपात बाजरी घेऊन निवडत बसली होती.

बाई शाळा सुटल्यावर आल्या. गोजरला "नमस्कार मावशी" म्हणाल्या. गोजरनं सुपातून नजर न काढता मान हलवली. बाईंनी ओट्यावर रुमाल सोडला.

"तात्या, सगळे म्हणाले, फळ ओळखावं तर तुम्हीच. हे सडकेच्या कडुलिंबाखाली पडलं होतं. वास पेरूचा येतोय, पण पेरू तर नाही."

आसारामचा हात जांभळाच्या ढिगावर तसाच राहिला. मग तो उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि चूळ भरून आला. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

मी म्हटलं, "बाई, बसा. आणि ते पुन्हा रुमालात बांधा."

मग जे सांगितलं ते असं.

माझा जन्म बागा घेण्यात गेला. म्हणजे झाडाला फूल असतानाच पुढचा बहार जोखायचा, मालकाशी सौदा करायचा, आणि फळ तयार झालं की उतरवून बाजारात न्यायचं. राहात्याचे पेरू, कोल्हारची डाळिंबं, बेलापूर-श्रीरामपूरकडची मोसंबी. डोळे बांधून फळ हातात द्या, मी झाड सांगेन, जमीन सांगेन, पाणी विहिरीचं की पाटाचं तेही सांगेन. यात थाप असेल तर थोडीच.

दुष्काळाच्या सालात मात्र बागाच उरल्या नाहीत. पाट कोरडा, प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू. लोकांनी मोसंबीची झाडं तोडून चुलीत घातली. सगळं गाव सडकेवर खडी फोडायला जात होतं, मीही. घरात तेव्हा मी एकटाच. भाकरी स्वतःच थापायचो, एक बाजू करपलेली, एक बाजू कच्ची. लाल मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची भाकरी, चांगली झाली तरी कळत नाही आणि बिघडली तरी कळत नाही.

आमच्या ओळीतच राहीबाई खडी फोडायची. विधवा बाई, एकुलता एक लेक, गोरख. दिवाळी झाल्यावर वैरण संपली, तेव्हा गोरख बैलजोडी घेऊन पायी घोडेगावच्या बाजाराला निघाला. जाताना आईला म्हणाला होता, गिऱ्हाईक लागलं तर विकतो, न्हाई तर छावणीत बांधून येतो. तो आला नाही. बैलही आले नाहीत. कुणी म्हणे नेवाशापाशी दिसला, कुणी म्हणे एका टेम्पोत बसून सुरतेकडं गेला. राहीबाई कोल्हारच्या भगवतीपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं सीताफळ सोडलं. लेक घरी येईपर्यंत खाणार नाही म्हणाली.

सुनीतीबाई शहरातल्या, म्हणून त्यांना रीत समजावली. आमच्याकडं फळ सोडतात. काशीला गेलेला माणूस तिथं एक फळ सोडून येतो आणि मग मरेपर्यंत तोंडाला लावत नाही. घरातलं कुणी गेलं, तरी त्याच्या नावानं सोडतात. कुणी नवसाला सोडतं. आणि सोडायचं ते आवडीचंच. कारलं सोडलं तर देवालाही हसू येतं.

फाल्गुनात एके दुपारी भाकरतुकड्याची सुट्टी झाली होती. सडकेला मैलाच्या दगडापाशी एक कडुलिंब आहे. त्या साली त्याला पान नव्हतं, नुसत्या काड्या. तरी बाया सवयीनं त्याच्याच खाली बसायच्या. संध्याकाळी काम सुटल्यावर राहीबाई माझ्या ओट्याशी आली. दुपारी त्या लिंबाखाली सापडलेलं काहीतरी पदरात धरलं होतं. हात न लावता तिनं ते ओट्यावर घरंगळत सोडलं.

"भाऊ, एवढंच सांगा. हे शिताफळ हाय का?"

मी हसणार होतो. सीताफळाला अंगभर डोळे असतात, हे पोरांनाही ठाऊक. हे तर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत, मुठीएवढं, रंग राखेचा, त्यात जरा हिरवट झाक. शिवाय फाल्गुनात सीताफळ कुठलं? आणि त्या साली कुठलंच फळ कुठलं?

"सीताफळ कसं असेल, राहीबाई?"

"मग वास का त्याचा येतोय?" ती म्हणाली. "गोरख लहानपनी कच्ची शिताफळं बाजरीच्या कणगीत लपवायचा. पिकली की आधी त्याच्या हाताला वास यायचा. तसा येतोय. बघा की."

सुनीतीबाईंनी मला मध्येच विचारलं, "तुम्हाला आला का वास?"

"मला? मला कसलाच नाही आला," मी म्हणालो.

उंबऱ्यातला सुपाचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

फळाची ओळख देठापासून सुरू होते. देठाच्या जागेवरून झाड कळतं, तोडलंय की गळालंय ते कळतं, कालचं की आजचं ते कळतं. मी फळ उजेडाकडं धरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग चष्मा पुसून पुन्हा. देठाची जागाच नव्हती. खाली फुलाची खूण असते, तीही नव्हती. ते फळ कुठंही लटकलेलं नव्हतं. हातात जड होतं आणि उन्हात पडून आलेलं असूनही माठाच्या बुडासारखं थंड लागत होतं.

आमची दुसरी कसोटी साधी. पाखरानं टोचलेलं माणसाला चालतं. कावळे त्या लिंबावर दिवसभर असायचे. एकाची चोच लागलेली नव्हती. ओट्यावर मुंग्यांची रांग चालली होती. ती फळाच्या वीतभर अलीकडं वळली, गोल वळसा घालून पलीकडं निघाली आणि परत सरळ झाली.

तेवढ्यात आसाराम आला, त्याच्या मागं नारायण गुरुजी. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेवरून निवृत्त झालेले, वैद्यकीची चार पुस्तकं वाचलेले, गावात शब्दाला मान असलेले. मी विळी आणली आणि फळ चिरलं. आत पांढुरका गर. बी नाही, दोरा नाही, पाकळी नाही. जिथं चिरावं तिथं सारखंच. ज्याला देठ नाही ते आलं कुठून, आणि ज्याला बी नाही ते पुढं जाणार कुठं, एवढंच तेव्हा मनात आलं.

आसारामनं कधी कुठलं खाणं नाकारलेलं नाही. त्यानं फोड उचलली, चावली, आणि तोंड वाकडं केलं.

"चवच न्हाई. भिजलेला कापूस चघळतोय जनू."

गुरुजींनी एक फोड जिभेवर ठेवली. चावली नाही. डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी लहानपणापासून पाहत आलो, छडी मारतानाचा आणि बक्षीस देतानाचा. हा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

"आंबा," ते म्हणाले. "हापूस नाही, रायवळ. आमच्या परसातला."

परसातला तो आंबा गुरुजींच्या मंडळींनी, इंदूवहिनींनी लावला होता. त्या गेल्या त्या साली गुरुजींनी आंबा सोडला, हे गावाला माहीत होतं. आसाराम काहीतरी थट्टेचं बोलणार होता. गुरुजींनी हातानंच त्याला थांबवलं, फोड थुंकून टाकली, आणि रांजणातलं घोट-घोट पाणी घेऊन ते कितीतरी वेळ चुळा भरत राहिले. प्यायच्या पाण्याची मारामार होती, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

मग ते राहीबाईकडं वळले. "बाई, हे खाऊ नका."

"शिताफळ हाय का?"

"ते मला माहीत नाही. पण सोडलेलं परत घेतलं, तर ज्याच्यासाठी सोडलं त्याचं काय, एवढा विचार करा." आणि ते काठी न घेताच निघून गेले. काठी दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिली.

राहीबाई तिथंच उभी. तिचा सगळा जीव त्या फळाच्या नावात अडकला होता. सीताफळ असेल आणि तिनं खाल्लं, तर नवस मोडला, गोरख गेला. सीताफळ नसेल, तर एवढ्या महिन्यांनी लेकाच्या हाताचा वास तिच्यापाशी आला होता, आणि तो नदीच्या वाळूत फेकायचा कसा? ती फळाकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. मी थापाड्या आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे डोळे म्हणत होते, सांगा भाऊ, काहीतरी सांगा.

मी सांगितलं. म्हटलं, "याला बिनदेठी म्हणतात. खानदेशात तापीच्या काठाला होतं. तिकडचा एखादा टेम्पो सडकेनं गेला असेल, त्यातून पडलं. सीताफळाशी याचा काही संबंध नाही. वास तेवढा सारखा."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

तिनं बाकीचं फळ उचललं आणि उभ्यानंच खाल्लं. हळूहळू, साल चोखून. रडत नव्हती. लहान पोर दूध पिताना मोठी माणसं जशी त्याच्याकडं बघतात, तशी ती आपल्याच हाताकडं बघत होती. बोटं चाटली, पदराला पुसली नाहीत, आणि गेली. विळीवर एक फोड राहिली होती. ती मी खाल्ली. टाकून द्यायचं साल नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खडीच्या ढिगांमागं जेवायला बसलो होतो. ऊन असं, की लांबची सडक ओली दिसत होती. त्या ओल्या सडकेवरून कुणी आलं नाही. गोरख लिंबाच्या बुंध्यामागून आला. खांद्यावर बैलांचा कासरा, डोक्याला मुंडासं, पायांवर पांढरी धूळ. सगळ्यांनी पाहिला. मुकादमानंही पाहिला.

राहीबाईच्या हातातली भाकरी खाली पडली. ती पळाली नाही. चालत गेली, त्याचा हात हातात घेतला, आणि नाकाशी नेला.

"आलास व्हय रं," एवढंच म्हणाली.

गावानं त्या रात्री मिलोच्या पिठाचा का होईना, गोडाचा शिरा केला. बैल कुठं आहेत, असं मी विचारलं. गोरख म्हणाला, "ऊन लई हाय, तात्या." आसारामनं विचारलं, एवढे महिने कुठं होतास. तो म्हणाला, "ऊन लई हाय."

थकलाय, असं आम्ही म्हटलं.

तो दाराच्या पायरीवर बसायला लागला. घायपाताचा वाख घेऊन दोर वळायचा. सकाळी जाताना बघावं तर वळतोय, संध्याकाळी येताना बघावं तर वळतोय. हात चांगले चालायचे, पीळ घट्ट. शेजारी तांब्या भरलेला. राहीबाई रोज सकाळी तांब्याचं पाणी तुळशीला ओतायची आणि नवं भरायची. आठ-पंधरा दिवसांनी आसाराम मला हळूच म्हणाला, "कारभारी, त्यो दोर वाढंना रं."

मी जाऊन पाहिलं. खरंच होतं. वीतभर दोर. दिवसभर वळायचा, आणि वीतभरच.

चैत्रात घोडेगावकडचा एक हेडी आला. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. तो वेशीवरच मला आणि आसारामला भेटला, म्हणून बरं झालं. राहीबाईचं घर विचारत होता. सांगायला लागला, दिवाळी होऊन पहिली अमावस्या, नेवाशाच्या अलीकडं एक तरणा पोरगा सडकेच्या कडेला गेला. उलट्या लागल्या होत्या. जवळ बैलजोडी. तिथल्या लोकांनी माती केली, बैल छावणीत दिले. नावगाव कळायला एवढे दिवस लागले. ओळखीला म्हणून त्यानं खिशातून चांदीचा ताईत काढला. ताईताच्या कोपऱ्यावर दाताची खूण होती. गोरखला दात येत होते तेव्हाची. राहीबाई ती खूण सगळ्यांना कौतुकानं दाखवायची.

म्हणजे तिनं भगवतीपुढं फळ सोडलं, तेव्हा तो नव्हताच.

आम्ही हेड्याला चहा पाजला आणि वेशीवरूनच परत लावून दिला. बाईचा लेक सुखरूप घरी आलाय, म्हटलं, तुमचा पोरगा दुसरा कुणी असेल. ताईत मात्र ठेवून घेतला. मग तो मुठीत धरून राहीबाईच्या दारावरून गेलो. गोरख दोर वळत होता. गळ्यात ताईत होता.

आसाराम वाकून त्याच्याशी उगीच बोलला. सरळ झाला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "दाताची खून हाय," म्हणाला. "त्याच कोपऱ्याला."

आमच्याकडचा ताईत आम्ही प्रवरेच्या वाळूत खोल पुरला. कुणाला बोललो नाही, पण गावात कळायचं ते कळतंच. आणि गावानं काय केलं सांगू, बाई? काही नाही केलं. जो तो जाता-येता पायरीपाशी थांबतो, "काय गोरख, बरं हाय ना?" म्हणतो. सणाला राहीबाईच्या घरी दोघांचं ताट जातं. ज्याच्या उंबऱ्यात जो बसलाय त्याला रामराम घालायचा. पुढचं विचारायचं नाही. राहीबाईचं अंग भरलं, ती पुन्हा ओव्या म्हणायला लागली. एवढंसं तिचं सुख, ते मोजून बघायला कोण जाणार?

इथं मी थांबलो. सुनीतीबाईंनी रुमालाची गाठ आवळली.

"पायरीवरचा तो मुलगा," त्या म्हणाल्या. "मी रोज शाळेत जाताना बघते. त्याचा दोर..."

"व्हय," आसाराम म्हणाला.

बाईंनी रुमालावर हात ठेवला होता. बोटं पांढरी झाली होती. पेरू त्यांनी कुणासाठी सोडलाय, ते मी विचारलं नाही. मी फक्त म्हटलं, "नदीत टाका ते. यंदा पाणी आहे."

"तात्या, शेवटची फोड तुम्ही खाल्लीत. तुम्हाला कशाची चव लागली?"

मला ठाऊक होतं, आता इथंच नेट लावायला हवा. आवाज एकदम हलका केला. म्हटलं, "कशाची लागणार? आसारामला लागली तीच. भिजलेला कापूस. मी काय गुरुजी आहे का राहीबाई आहे? मी उभ्या जन्मात कुणासाठी काही सोडलेलं नाही, बाई. विचारा की, गोजरलाच विचारा."

बाईंनी उंबऱ्याकडं पाहिलं.

आसारामनं पाहिलं नाही. तो पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचं एक जांभूळ चिरडत राहिला.

दुपारपासून निवडत होती, तरी सुपात बाजरी तेवढीच होती. एकही खडा बाजूला काढलेला नव्हता, एकही दाणा खाली नव्हता.

सुपाचा आवाज थांबला.

"खोटं बोलू नगा," गोजर म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "जांभूळ सोडलंत तुमी. माझ्या दहाव्याला."